गिझर खालनं गळतोय : दुरुस्त करायचा की नवाच आणायचा?

पत्र :

दादा, आम्ही बेळगावातल्या वडगावात राहतो. घरी मी, मिस्टर, दोन पोरं आणि सासूबाई. बाथरूममधला २५ लिटरचा गिझर २०१७ च्या दिवाळीत घेतलेला, आजपर्यंत काही तक्रार नव्हती. आता काही दिवसांपासून खालनं पाणी ठिबकतंय, खाली बादली ठेवलीय, रात्रीत अर्धी भरते. सकाळी गरम पाण्याचा नळ सोडला की पहिलं पाणी लालसर येतं, मग साफ. तापताना आतनं चर्र-चर्र आवाज पण येतो. प्लंबर आला, दारातनंच बघून म्हणाला "होसदु तगोळ्री" (नवा घ्या), आणि गेला. खडेबाजारातला दुकानदार म्हणतो जुना आणा, एक्स्चेंजमध्ये घेतो. मिस्टर म्हणतात एम-सील लावून दिवाळी काढू. सासूबाईंचं वेगळंच, "तुमचा तो डबा गळूलाय तर गळू दे, परसातला बंब काढा की!" उन्हाळ्यात आमच्याकडं बोअरचं पाणी असतं, बाकी वेळी कॉर्पोरेशनचं. नेमकं काय करावं? आणि हो, परवा मिस्टरांना नळाला हात लावल्यावर झिणझिणल्यासारखं झालं, पण ते म्हणतात भास असेल.

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलीय, ती पण "आणि हो" म्हणून. झिणझिणणं हा भास नसतो ओ. पुढचं वाचायच्या आधी उठा आणि गिझरचा एमसीबी (मेन बोर्डातला, जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका) पाडा, नुसतं बाथरूमबाहेरचं बटण नव्हे, कारण बऱ्याच जुन्या घरांत बटण फेजवर (करंट आणणाऱ्या तारेवर) नसून न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) बसवलेलं असतं आणि बटण बंद असलं तरी आत करंट असतोच. एमसीबी कुठला ते कळत नसेल तर मेन स्विच पाडा, बोर्डातनं गिझरचा प्लग ओढून काढा आणि मग मेन लावा. सुका हात, पायात चप्पल. आणि वायरमन येऊन बघेपर्यंत तो परत चालू करायचा नाही, "फक्त पाच मिनिटं पोरांच्या आंघोळीपुरता" हे सुद्धा नाही.

हे होतं कसं ते सांगतो, म्हणजे मिस्टरांनाही पटेल. आत जी कॉइल असते ती तांब्याची नळी, तिच्या पोटात गरम होणारी तार आणि दोघांच्या मधे एक पांढरी पावडर, जी करंट नळीपर्यंत येऊ देत नाही. वरनं क्षार साचले की नळीची उष्णता पाण्यात जात नाही, नळी जास्त तापते, कधीतरी बारीक चिरते आणि पाणी थेट तारेपर्यंत पोचतं. किंवा दुसरं, खालनं गळणारं पाणी वायरींच्या जोडांवर आणि थर्मोस्टॅटवर, म्हणजे पाणी पुरेसं तापलं की करंट तोडणाऱ्या भागावर, पडतं. दोन्हीत करंट टाकीच्या पत्र्याला येतो. अर्थिंग नीट असेल तर तो जमिनीत जातो आणि आरसीसीबी (करंट गळला की लगेच पडणारा खटका) असेल तर तो पडतो. तुमच्याकडं दोन्हीतलं काहीच झालं नाही आणि करंट नळापर्यंत आला, म्हणजे अर्थिंग एकतर तुटलीय, नाहीतर कधी धड नव्हतीच. प्लास्टिकचे पाईप आहेत म्हणून काही होत नाही असं समजू नका, पाईप प्लास्टिकचा असला तरी आतलं पाणी अखंड असतं.

म्हणून पहिला फोन प्लंबरला नाही, वायरमनला. त्याला सांगा फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प लावून दाखव, बल्ब फेज-न्यूट्रलवर जळतो तसाच लख्ख जळला पाहिजे, मिणमिणला तर अर्थिंग कच्ची. घराला ३० मिलिअँपचा आरसीसीबी नसेल तर आत्ताच बसवून घ्या, गिझर जुना ठेवा नाहीतर नवा आणा, हा खर्च दोन्हीकडं आहेच. आपल्याकडं अर्थिंगचा खड्डा एकदा घर बांधताना भरतात आणि नंतर त्यावर फरशी घालून मोकळे होतात. तो उन्हाळ्यात कोरडा पडतो, वर्षातनं एकदा पाणी घालायला लागतं हे कुणी सांगतच नाही.

आता गळतीकडं येऊ.

दुरुस्त की नवा, हा प्रश्न लोक गिझरच्या वयावरनं सोडवतात, आठ वर्षं झाली, गेला, बास. मला हे मान्य नाही. आधी पाणी कुठनं येतंय ते शोधायचं, मग वय बघायचं. जोडातनं, व्हॉल्व्हमधनं किंवा पॅकिंगमधनं येत असेल तर बारा वर्षांचा गिझर पण दुरुस्त होतो, आणि आतली टाकी फुटली असेल तर तीन वर्षांचा पण जातो. तुमच्या प्लंबरनं दारात उभं राहून निकाल दिला, कव्हर सुद्धा उघडलं नाही, त्याचं बरोबर निघेल कदाचित, पण ते त्याला माहीत होतं म्हणून नव्हे. खालनं ठिबकतंय म्हणजे टाकी गेली असं काही नसतं, पाणी वरनं कुठनंही निघालं तरी ठिबकणार खालनंच.

करंटचा बंदोबस्त झाला, एमसीबी पाडलेलाच आहे आणि गिझर गार पडलाय असं धरून चालू. एक टॉर्च घ्या, जुना सुती कपडा घ्या आणि थोडे टिश्यू पेपर किंवा वर्तमानपत्राचे तुकडे घ्या. गिझरचं बाहेरचं अंग, दोन्ही पाईप, त्यांच्या आट्या, भिंतीकडची बाजू, सगळं कोरडं पुसून काढा. मग पेपरचा एक एक तुकडा एकेका जोडाला गुंडाळा, निळ्या खुणेच्या गार पाण्याच्या पाईपला वर आणि खाली, लाल खुणेच्या गरम पाण्याच्या पाईपला वर आणि खाली, सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाला. अर्धा तास थांबा. कुठला तुकडा पहिला भिजला ते बघा. एवढं साधं काम आहे, पण यातनंच निम्म्या वेळा उत्तर मिळतं आणि ते बऱ्याचदा त्या जाळीच्या कनेक्शन पाईपचं निघतं. त्याच्या आतला रबरी वॉशर गरम पाण्यानं कडक होऊन चिरतो. लाल बाजूचा आधी जातो. पाईप बदलायचा, आट्यांना टेफलॉन टेप नवा गुंडाळायचा, दोन-तीनशेत विषय संपला. स्वस्तातला पाईप मात्र घेऊ नका, दोन हिवाळ्यांत परत तेच.

सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडातनं पाणी येत असेल तर आणखी एक गोष्ट बघायला लागते, ती म्हणजे कधी येतं. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी २० अंशावरनं ६० अंशापर्यंत नेलं तर ते पाव लिटरपेक्षा जास्त वाढतं, आणि गार पाण्याच्या बाजूला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असल्यामुळं त्याला मागं जायला वाट नसते, मग ते सेफ्टी व्हॉल्व्हमधनं थेंबथेंब बाहेर पडतं. म्हणजे फक्त तापताना थोडं ठिबकलं तर तो बिघाडच नाही, व्हॉल्व्ह आपलं काम करतोय. काही लोक या थेंबांना वैतागून तिथं बूच मारतात. कृपा करून कुणाला तसं करू देऊ नका, थर्मोस्टॅट चिकटला आणि व्हॉल्व्ह बंद असला तर टाकीत वाफेचा दाब तयार होतो आणि गिझर भिंतीसकट उडाल्याच्या बातम्या अशाच असतात. गिझर बंद असताना पण व्हॉल्व्ह गळत असेल तर त्याच्या बैठकीत क्षार अडकलाय किंवा स्प्रिंग गेलीय, व्हॉल्व्ह बदलायचा, तो चारपाचशेच्या आत येतो. प्रेशर जास्त आहे म्हणून गळतंय असं कुणी म्हणालं तर विचारा, पंप लावलाय का? नुसत्या गच्चीवरच्या सिंटेक्सचं प्रेशर दहा मीटर उंचीला एक बार होतं, आणि गिझरची टाकी साधारण आठ बारपर्यंत धरते. दोन मजली घरात प्रेशरनं टाकी फुटण्याचा प्रश्न येत नाही.

पण तुमचं प्रकरण मला इथवर थांबेल असं वाटत नाही. बंद असताना रात्रीत अर्धी बादली, लालसर पाणी, चर्र आवाज, आणि करंट. हे सगळं मिळून बोट आत दाखवतंय.

खालचं प्लास्टिकचं कव्हर काढायला लागेल, दोन-तीन स्क्रू असतात. हे काम वायरमन आलेला असताना त्याच्याच हातनं करून घ्या. कव्हर निघालं की मधोमध एक गोल झाकण दिसेल, पाच-सहा नटबोल्टनी बसवलेलं, त्यातनं वायरी आत गेलेल्या. त्याला फ्लँज म्हणतात, कॉइल आणि ॲनोड रॉड (त्याचं पुढं सांगतो) दोन्ही त्यालाच लटकलेले असतात आणि त्याच्या नि टाकीच्या मधे एक रबरी पॅकिंग असतं. टॉर्च मारून बघा. पाणी या गोल झाकणाच्या कडेनं येतंय, नटांच्या भोवती गंजाचे ओघळ आणि पांढरे-हिरवे क्षार जमलेत, पण त्याच्या बाहेरचा पांढरा फोम कोरडा आहे, तर पॅकिंग गेलंय. ही चांगली बातमी. पॅकिंग शे-दीडशेचं असतं. कॉइलच्या टोकांच्या मधनं, म्हणजे जिथं वायर जोडल्यात तिथनंच पाणी येत असेल तर कॉइल फुटलीय, करंटचं कारण पण तेच, कॉइल बदलायची.

आणि पाणी फोममधनं येत असेल, फोम बोट दाबल्यावर ओल्या स्पंजासारखा लागत असेल, बाहेरच्या पत्र्याला रंगाखाली फुगे आले असतील, तर टाकी गेली. मग चर्चा नाही. आपल्याकडच्या बहुतेक गिझरच्या टाक्या लोखंडी पत्र्याच्या आणि आतनं काचेच्या मुलाम्याच्या असतात, तो मुलामा भट्टीत चढवलेला असतो. बाहेरनं वेल्डिंग केलं तर त्या जागचा मुलामा जळून उडतो आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याच्या शेजारीच दुसरं भोक. उद्यमबागेत वेल्डिंग करून देणारे पुष्कळ आहेत, हाताला कसब आहे त्यांच्या, पण टाकी बाहेर काढायला फोम फोडायला लागतो आणि परत तो तसा भरता येत नाही. तांब्याच्या टाकीचे जुने गिझर असायचे त्यांची गोष्ट वेगळी, ते झाळून मिळायचे. २०१७ चा तुमचा बहुतेक तसला नसणार, कंपनीच्या स्टिकरवर टाकी कशाची ते लिहिलेलं असतं.

एम-सीलबद्दल मिस्टरांना सांगा, भोक आतनं बाहेर पडलेलं असतं, एम-सील बाहेरनं लागतो, आणि मधे फोम आहे. लावणार कुठं? जोडाच्या आट्यांवर लावला तर चार दिवस थांबेल, आणि नंतर तो जोड खोलायची वेळ आली की आटीसकट तुटून येईल. दिवाळी निघेल असं धरलं तरी करंटवाली दिवाळी निघते.

आता ॲनोड रॉड, ज्याबद्दल आपल्याकडं कुणालाच काही सांगत नाहीत आणि खरा निकाल तोच देतो. ही मॅग्नेशियमची बोटाएवढी जाड कांडी असते, मधे लोखंडी तार. पाण्यातला गंजवणारा जो काही प्रकार चालतो तो आधी मॅग्नेशियमला खातो आणि टाकीचं लोखंड वाचतं, मुलाम्याला कुठं बारीक चीर असली तरी. कांडी संपली की पुढचा नंबर टाकीचा. पाणी कसं आहे त्यावर ती दोन वर्षं पण जाते आणि पाच वर्षं पण, बोअरच्या खारट पाण्यात लवकर. तुमच्या पत्रात आठ वर्षांत सर्व्हिसिंग केल्याचा उल्लेखच नाही, म्हणजे ती कांडी कधीच बदलली नाही असं मी धरतो. फ्लँज खाली उतरवला की बघा : कांडी निम्मी तरी शिल्लक असेल, खडबडीत, पांढरट, तर टाकी बहुतेक शाबूत आहे, दुरुस्तीवर पैसे घाला. कांडीच्या जागी नुसती काळी तार लोंबकळत असेल तर टाकी कधीपासनं उघडी पडलीय कुणास ठाऊक, आज पॅकिंग बदलून गळती थांबली तरी पुढच्या वर्षाचा भरवसा मी देणार नाही. टॉर्च त्या भोकातनं वर मारून टाकीच्या भिंती पण बघून घ्या, निळसर-काळा गुळगुळीत मुलामा दिसतोय की लाल पापुद्रे.

लालसर पाण्याचं मात्र आधी एक करून बघा. सकाळी पहिल्यांदा गार पाण्याचा नळ पांढऱ्या बादलीत सोडा. ते पण लाल आलं तर दोष जुन्या लोखंडी पाईपलाईनचा, गिझरला उगीच बोल लावू नका. वडगाव-शहापूरच्या जुन्या घरांत भिंतीतनं जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाईप अजून आहेत. गार साफ आणि गरमच लाल असेल तर आत गंजतंय.

आणि तो चर्र आवाज क्षारांचा. राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी कॉर्पोरेशनकडनं येतं तोवर ठीक, पण मार्चपासनं बोअरवर आलात की साबणाला फेस येत नाही ना? तेच. पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत बरी, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायची, असं भारतीय मानक आहे, पण गिझरला त्याच्या खूप आधी त्रास सुरू होतो. पाणी ६० अंशाच्या वर तापवलं की क्षार जास्त झपाट्यानं बसतात, म्हणून थर्मोस्टॅट ५५ ते ६० च्या मधे ठेवा, एकदम कमी पण नको, ५० च्या खाली कायम ठेवलं तर टाकीत जंतू धरतात. क्षार काढायला लिंबूसत्व कोमट पाण्यात घालून कॉइल भिजत ठेवली तरी पुष्कळ सुटतात. मिस्त्री संडास धुवायचं ॲसिड टाकीत ओतायला निघाला तर हात धरा त्याचा.

पैशाचं बोलू. कंपनीच्या माणसाचं येण्याचं, पॅकिंग, ॲनोड, व्हॉल्व्ह आणि क्षार साफ करणं मिळून साधारण दीड-दोन हजार, कॉइल आणि थर्मोस्टॅट पण बदलायचे तर तीन हजाराच्या आसपास. २५ लिटरचा बऱ्यापैकी नवा गिझर आठ ते बारा हजारात. माझा हिशोब असा आहे की सात वर्षांच्या वरच्या गिझरवर नव्याच्या किमतीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त घालायचे नाहीत, आणि ते सुद्धा ॲनोड शिल्लक असेल तरच. म्हणजे तुमच्या बाबतीत, पॅकिंग गेलंय आणि कांडी आहे : दुरुस्त करा, अजून तीन-चार वर्षं सहज जाईल. पॅकिंग गेलंय, कॉइल पण गेलीय आणि कांडीची तार झालीय : नवा आणा. फोम ओला : नवा आणा, त्या दिवशीचे मिस्त्रीचे पैसे देऊन टाका आणि पुढं एक रुपया घालू नका. मला विचाराल तर लक्षणं बघून माझा कल नव्याकडंच आहे, पण फ्लँज उतरवल्याशिवाय मी पैज लावणार नाही, तुम्ही पण लावू नका.

बिल शोधून ठेवा, पण. काही कंपन्या पूर्ण गिझरला दोन वर्षं आणि टाकीला पाच, सात, काही मॉडेलला त्याहून जास्त वर्षं देतात. तुमचा आठ वर्षांचा म्हणजे बहुतेक मुदत टळलेली, तरी कार्ड बघायला काय जातंय.

नवा घ्यायचा झाला तर पाच माणसांना २५ लिटरच बरोबर आहे. हिवाळ्यात गार पाणी २० अंशाला असतं, गिझरमधलं ६० ला, निम्मं-निम्मं मिसळलं की ४० अंशाचं अंघोळीचं पाणी होतं, म्हणजे २५ लिटरमधनं मोठ्या अडीच बादल्या. १५ लिटरमधनं दीडच. दोन किलोवॅटच्या कॉइलनं २५ लिटर तापायला पस्तीस मिनिटं लागतात, तुमच्याकडं रोज दोनदा तापवायला लागणार. बोअरचं पाणी असेल तर "हार्ड वॉटर"साठीचा मुलामा आणि जाड ॲनोड असलेलं मॉडेल मागा आणि दुकानातच विचारा की ॲनोड सुटा मिळतो का, बेळगावात सर्व्हिस सेंटर कुठं आहे. आयएसआयचा मार्क बघा, साठवणीच्या गिझरला आयएस २०८२ असतो.

दुकानदार फाइव्ह स्टारचं खूप लावून धरेल. त्याचा फायदा पाणी नुसतं गरम धरून ठेवण्यात आहे, दिवसभर चालू ठेवणाऱ्याला. तुम्ही अंघोळीपुरता लावून बंद करत असाल तर २५ लिटर तापवायला लागणारं सव्वा युनिटच्या आसपासचं काम कुठल्याही स्टारला तेवढंच आहे. पण तुम्ही गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, असाल तर हे बघा, दोनदा तापवला तर महिन्याला सत्तरएक युनिट नुसत्या गिझरचे होतात, आणि २०० च्या वर मीटर गेलं की हेस्कॉमचं, म्हणजे आपल्या वीज कंपनीचं, अख्खं बिल भरायला लागतं, नुसतं वरचं नव्हे. २०० च्या काठावर असलात तर फाइव्ह स्टार आणि वेळेवर बंद करणं, दोन्ही उपयोगाचं. काठावर नसाल तर चार स्टारवाल्यानं काही बिघडत नाही.

बसवताना दोन गोष्टी उभं राहून करून घ्या. सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाला एक नळी लावून ती मोरीपर्यंत सोडायची, म्हणजे थेंब डोक्यावर किंवा बोर्डावर पडणार नाहीत. आणि १६ अँपचं सॉकेट, त्याला चार चौरस मिलिमीटरची वायर, जुन्या दीडच्या वायरीवर जोडून जाणारे महाभाग आहेत.

एक्स्चेंजमध्ये दुकानदार काय देतो ते बघा, पण त्याआधी त्याच मॉडेलची एक्स्चेंजशिवायची किंमत दुसऱ्या दुकानात विचारा, पुष्कळदा तेवढीच निघते. जुना गिझर भंगारवाल्याला दिला तर लोखंडाच्या भावात जाईल, कॉइल तांब्याची असते ती आधी काढून घ्या.

गॅस गिझर कुणी सुचवला, स्वस्त पडतो म्हणून, तर बंद बाथरूममध्ये अजिबात नको. जळताना हवेतला ऑक्सिजन खातो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस आत चक्कर येऊन पडतो आणि कडी आतनं लावलेली असते. बसवायचाच तर बाहेर परसात, उघड्यावर, आणि फक्त पाईप आत. सोलर चांगलं आहे, पण आपल्याकडं जून ते सप्टेंबर जो पाऊस लागतो त्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा तुम्हाला गिझर लागणारच, म्हणून आज गळतीवरचा उपाय म्हणून सोलर धरू नका, गच्चीचं काम काढाल तेव्हा बघा.

राहिला सासूबाईंचा बंब. मी त्यांच्या बाजूनं आहे, निदान दिवाळीपुरता. वायरमन, सर्व्हिसवाला, सुटे भाग हे सगळं सणाच्या तोंडावर दोन दिवसांत जमेल असं नाही, सगळ्यांचे गिझर थंडी पडल्यावरच बिघडतात. तोवर अभ्यंगस्नानाला बंब काढा. इतकी वर्षं पडून असेल तर आधी उन्हात ठेवून काठोकाठ पाणी भरा आणि तासभर बघा, तोटीच्या मुळाशी आणि मधल्या नळकांड्याच्या बुडाला गळतंय का. तोटीपाशी असेल तर तांबट कथलाचा डाग देईल, ते टिकतं. नळकांड्याला, जिथं आग लागते तिथं, कथील वितळतं, तिथं पितळेचा पक्का डाग लागतो, तांबटाला तसं स्पष्ट सांगा. आतनं चिंचेनं घासून काढा, हिरवा गंज असेल तर तो सगळा गेला पाहिजे. पेटवायला करवंट्या आणि सुताराकडच्या ढलप्या पुरतात, प्लायवूडचे तुकडे नकोत, त्याच्या गोंदाचा धूर वाईट. परसातच पेटवा, बाथरूममध्ये नाही. पाणी भरल्याशिवाय जाळ करू नका, आणि बादलीत काढाल तेवढं वरनं लगेच ओता, रिकामा तापला की आत्ताच दिलेला डाग सुटलाच म्हणून समजा.